आकडा नको, हिशेब द्या!



गिरणीत बटवड्याच्या दिवशी काय होत असे, ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. खिडकीशी रांग लागायची. पाकीट हातात पडले की कामगार आधी नोटा मोजायचा, मग चिठ्ठी बघायचा. हजेरी किती भरली, खाडे किती धरले, उचल किती कापली, फंडात किती गेले. अक्षरओळख नसलेला साचेवालासुद्धा शेजाऱ्याकडून चिठ्ठी वाचून घ्यायचा. आणि चार आण्यांचा फरक निघाला तर खिडकी सोडायचा नाही. "साहेब म्हणालेत, यंदा भरपूर देऊ," एवढ्यावर समाधान मानून कोणी रिकाम्या हाताने खोलीवर गेलेला आम्ही ऐकला नाही.

मग आमचा रोकडा सवाल असा आहे की, हाच हुशार माणूस मार्च महिन्यात एवढा भोळा कसा होतो?

मार्चमध्ये मुंबईत विधानभवनात अर्थसंकल्प वाचला जातो. इतके हजार कोटी, तितके लाख कोटी. बाके वाजतात. दुसऱ्या दिवशी सकाळी लासूर स्टेशनच्या चहाच्या टपरीवर पेपर उघडतो. एकजण आकडा मोठ्याने वाचतो. दुसरा विचारतो, "ह्यात आपलं काय?" तिसरा म्हणतो, "सोड रे, समदे चोर!" पेपर मिटतो, चहाचे पैसे देऊन मंडळी आपापल्या वाटेला लागतात. झाला निषेध!

बंधूंनो, राज्यकर्त्यांना तुमच्या रागाची भीती नाही. "समदे चोर" म्हणून उठून जाणारा माणूस तर त्यांना फार सोयीचा. तो मोजत नाही, विचारत नाही, पुन्हा पाच वर्षांनी रांगेत उभा राहतो. त्यांना भीती वाटते ती खिडकी न सोडणाऱ्याची.

हिशेब मागण्याचा हा हक्क कोणी मायबाप सरकारने मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. महाराष्ट्र राज्याच्या पायातला तो दगड आहे. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान मोकळे झाले, तेव्हा मराठवाडा निजामी अमलातून सुटला. पण तो हैदराबाद राज्यातच राहिला. पुढे मराठी मुलूख एक करायचे बोलणे सुरू झाले आणि 28 सप्टेंबर 1953 रोजी नागपूर करार झाला. त्यात काय लिहिले होते? सरकारी पैसा प्रत्येक विभागाच्या लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च व्हावा, मराठवाडा मागासलेला म्हणून त्याच्या उन्नतीकडे विशेष लक्ष द्यावे, आणि याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा. दरवर्षी! म्हणजे नुसता पैसा कबूल झाला नव्हता, पैशाची चिठ्ठीही कबूल झाली होती.

1956 साली घटनादुरुस्ती झाली आणि हेच तत्त्व 371 व्या कलमात दुसऱ्या उपकलमाने आले. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळे, पैशाचे न्याय्य वाटप, आणि मंडळांचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्या द्विभाषिकाविरुद्ध मुंबईत काय झाले ते तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. लालबाग-परळचा गिरणी कामगार साचे थांबवून रस्त्यावर आला. शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली. तेव्हा कुठे 1 मे 1960 उजाडला.

तो कामगार कशासाठी मेला? मराठीत पाट्या लागाव्यात एवढ्यासाठी? पाट्या लागल्या, बरे झाले. पण भाषेचे राज्य म्हणजे असे राज्य, की जिथे राज्याचा हिशेब गिरणीतल्या माणसाला त्याच्या भाषेत समजतो. निजामाच्या दफ्तरात फारसी-उर्दू होती, रयतेला कळत नव्हती. इंग्रजाच्या दफ्तरात इंग्रजी होती, तीही कळत नव्हती. आज मंत्रालयाच्या दफ्तरात मराठी आहे. ती तरी तुम्हाला कळते काय? 'लेखाशीर्ष', 'पुनर्विनियोजन', 'सुधारित अंदाज', 'पुरवणी मागणी'! अक्षर देवनागरी, पण अर्थ कुलुपात.

तेव्हा आज हे कुलूप आपणच उघडू.

पहिला शब्द 'तरतूद'. मार्चमध्ये वाचतात ती तरतूद. ती म्हणजे मालकाने सांगितलेला पगार. दुसरा शब्द 'सुधारित अंदाज'. वर्ष संपत आले की सरकार म्हणते, तेवढे नाही, एवढेच जमेल. तिसरा शब्द 'प्रत्यक्ष खर्च'. तो म्हणजे पाकिटातल्या नोटा. टाळ्या पडतात त्या पहिल्या शब्दाला. तिसरा शब्द पुढे दोन वर्षांनी जाड्या पुस्तकात बारीक टाइपात येतो, तेव्हा टाळ्या वाजवणारा दुसऱ्याच सभेत असतो.

चौथा शब्द 'महसुली तूट'. 2025-26 च्या अर्थसंकल्पात राज्याची महसुली मिळकत धरली 5,60,964 कोटी रुपये आणि महसुली खर्च 6,06,855 कोटी. तूट 45,891 कोटींची. घरच्या भाषेत सांगायचे तर, शंभर रुपये मिळवायचे आणि एकशेआठ उडवायचे. ते वरचे आठ कर्जाचे. मार्च 2026 अखेर राज्यावरचे कर्ज नऊ लाख बत्तीस हजार कोटींच्या घरात जाईल, असे सरकारनेच त्या वेळी धरले होते. कर्ज काढणे पाप नव्हे. घर बांधायला, विहीर खोदायला आपणही काढतो. पण महसुली खर्चातून विहीर होत नाही. तो रोजचा खर्च. दुकानदाराकडे उधारी करून रोजचा किराणा भरणाऱ्या घराचे पुढे काय होते, हे कामगाराच्या बायकोला अर्थमंत्र्यांपेक्षा जास्त कळते.

पाचवा शब्द 'पुरवणी मागणी'. वर्षाच्या मध्ये अडचण आली, पूर आला, साथ आली, तर जादा पैसा मागण्याची ही सोय. वाजवी सोय आहे. पण 2024 साली 28 जूनला अर्थसंकल्प मांडला आणि पंधरा दिवसांच्या आत 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या. पुढच्या वर्षी जूनअखेर पुन्हा 57,509 कोटींच्या. आम्ही विचारतो, पंधरा दिवसांत असे कोणते आकाश कोसळले? पंधरा दिवसांपूर्वी जे वाचले ते काय होते मग?

आणि सहावा शब्द 'पुनर्विनियोजन'. याला आपल्या भाषेत म्हणतात, एका साच्यावरची कांडी काढून दुसऱ्या साच्यावर चढवणे. 2025 च्या मे महिन्यात लाडकी बहीण योजनेचा हप्ता भागवायला सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे 335 कोटी वळवल्याचे उघड झाले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट, आपल्या छत्रपती संभाजीनगरचेच. त्यांनीच जाहीरपणे त्रागा केला. खात्याच्या मंत्र्यालाच जिथे आपल्या खात्याचा पैसा टिकवता येत नाही, तिथे वसतिगृहात राहणाऱ्या दलित-आदिवासी पोराने कोणाकडे जावे?

कोणी म्हणेल, संपादक गरीब बाईच्या दीड हजारांवर उठले. अजिबात नाही! ते दीड हजार तुमच्या-आमच्या घरात येतात, त्यातून पोराची वही येते, सासूचे औषध येते. बाईच्या हातात पैसा पडला याचा आम्हाला आनंदच आहे. पण एका बहिणीच्या ताटात वाढायला दुसऱ्या बहिणीच्या ताटातली भाकरी उचलू नका. आणि निवडणुकीच्या सभेत एकवीसशे म्हणायचे नि पाकिटात पंधराशेच घालायचे, याला गिरणीत काय म्हणत, ते तुम्हीच सांगा.

आता मराठवाड्याकडे वळू.

ज्या विकास मंडळांची सोय 1956 साली घटनेत झाली, ती मंडळे प्रत्यक्षात आली 1994 साली. अडतीस वर्षे! तोवर अनुशेषाचे डोंगर झाले होते. प्राध्यापक वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने 1984 साली मराठवाड्याचा अनुशेष काढला तो 750 कोटी 85 लाखांचा. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने 1994 चा पाया धरून काढला तो 4,004 कोटी 55 लाखांचा. दहा वर्षांत खड्डा भरायचा, तो पाचपटीने वाढला. मंडळे आली म्हणून निदान खड्डा मोजणारे कोणी तरी होते. 30 एप्रिल 2020 ला त्यांचीही मुदत संपली. 2022 मध्ये मंत्रिमंडळाने ती पुन्हा नेमण्याचा ठराव केला. पण ठराव म्हणजे मंडळ नव्हे. वर्षामागून वर्ष गेले, खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. मोजणाराच नाही, मग अनुशेष दिसणार कोणाला?

मोजणाऱ्याच्या जागी आले 'पॅकेज'. 4 ऑक्टोबर 2016 रोजी औरंगाबादेत मंत्रिमंडळाची बैठक झाली, मराठवाड्यासाठी 49,248 कोटी जाहीर झाले. 16 सप्टेंबर 2023 रोजी त्याच शहरात पुन्हा बैठक झाली, पंचेचाळीस हजार कोटी आणि सिंचनाचे चौदा हजार कोटी जाहीर झाले. मंत्र्यांच्या मुक्कामासाठी हॉटेलात किती खोल्या घेतल्या, यावर पेपरात रकानेच्या रकाने आले. खोल्यांची चौकशी झाली ती ठीक. पण 2016 च्या 49,248 कोटींपैकी किती आले, कुठे आले, कोणत्या कामाला लागले, ही यादी 2023 च्या बैठकीत आधी वाचा नि मग नवा आकडा सांगा, असे किती जणांनी म्हटले? मागचा पगार बाकी असताना मालक बोनसची घोषणा करतो, तेव्हा कामगार टाळ्या वाजवत नाही.

पाण्याचेच घ्या. 2011-12 च्या आर्थिक पाहणीतल्या आकड्यांवरून महाराष्ट्रात वादळ उठले होते. दहा वर्षांत सिंचनावर सत्तर हजार कोटींच्या आसपास खर्च आणि ओलिताखालची जमीन वाढली टक्क्याचा दहावा हिस्सा! मग नोव्हेंबर 2012 मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढली, तीत दुसराच, बरा आकडा आला. चौकशीसाठी माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली पथक नेमले गेले. कागदावर आकडे दोन, शेतात पाणी एकच. त्यातला खरा आकडा कोणता, हे कालव्याच्या शेवटच्या टोकाला उभा असलेला माणूस न शिकता सांगेल. इगतपुरीकडच्या धरणांचे पाणी नांदूर मधमेश्वरच्या जलद कालव्यातून वैजापूर-गंगापूरला यायचे. कालवा आहे, चाऱ्याही आहेत. पण 'टेल'च्या शेतकऱ्याला दर हंगामात आवर्तनासाठी निवेदन द्यावे लागते, धरणे धरावे लागते. हे काय वैभव म्हणायचे?

आणि पैसा नव्हताच असे नाही. याच वैजापूर-गंगापूर तालुक्यांच्या रानांतून समृद्धी महामार्ग गेला. 701 किलोमीटर, खर्च पंचावन्न हजार कोटींच्या पुढे. 2022 च्या डिसेंबरात पहिला टप्पा उघडला, 5 जून 2025 ला शेवटचा. झाला की नाही? ठरवले की होते! रस्ता नको असे आम्ही म्हणत नाही. लासूरच्या बाजारातला कांदा त्या रस्त्याने लवकर मुंबईला जातो, तर जाऊ द्या. पण त्याच्या मागोमाग 24 जून 2025 रोजी शक्तिपीठ महामार्गाच्या जमिनीसाठी मंत्रिमंडळाने 20,787 कोटी मंजूर केले, आणि ज्यांच्या जमिनी जाणार त्यातले कित्येक शेतकरी "आम्हाला हा रस्ता नको" म्हणून मोर्चे काढत होते. मागितले नाही ते ताबडतोब, मागितले ते पुढच्या वर्षी. हा न्याय कुठला?

आता खास तुमचे, कापडवाल्यांचे.

सहकारी सूतगिरणी कशी उभी राहते? शंभरातले पाच रुपये सभासदांचे, पंचेचाळीस सरकारचे, पन्नास कर्जाचे. म्हणजे गिरणी जवळजवळ अर्धी तुमच्या करातून. अध्यक्ष बहुधा कोण? पुढारी. संचालक कोण? पुढाऱ्याचे सोयरे. किती गिरण्या चालल्या आणि किती बंद पडल्या, किती नुसत्या पायाभरणीच्या दगडावरच राहिल्या, हे कापूस पिकवणाऱ्या मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. सरकारचे पंचेचाळीस रुपये बुडाले, तर त्याची उचल कोणाच्या पगारातून कापली? कामगाराचा खाडा धरतात, संचालकाचा कोणी धरला काय?

दिल्लीचेही ऐका. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या, मुंबईतल्या टाटा, पोदार, दिग्विजय, तशाच बार्शीची आणि अचलपूरची फिनले, मार्च 2020 च्या टाळेबंदीत थांबल्या. टाळेबंदी उठली, दुकाने उघडली, दारूचे गुत्तेही उघडले. या गिरण्यांचा भोंगा मात्र वर्षानुवर्षे वाजला नाही.

आणि 1982 च्या 18 जानेवारीला सुरू झालेल्या संपात जे अडीच लाख कामगार होरपळले, त्यांच्या घरांचे काय? गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले. घरासाठी अर्ज आले पावणेदोन लाखांच्या आसपास. मिळालेली घरे काही हजारांतच मोजावी लागली. बाकीच्यांना दाखवले शेलू-वांगणी, तेही साडेनऊ लाख भरून. म्हणून 9 जुलै 2025 रोजी आझाद मैदानावर सत्तरी ओलांडलेले म्हातारे काठी टेकत आले. लासूर स्टेशनावरून मीटर गेजच्या गाडीने निघून, मनमाडला गाडी बदलून जो तरुण मुंबईच्या गिरणीत गेला, त्याने चाळीस वर्षांनी मैदानात बसून घराची भीक मागावी? ज्यांनी हे राज्य आणले, त्यांच्यासाठी राज्यात जागा नाही?

इथे एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. "पश्चिम महाराष्ट्राने आपले खाल्ले," असे म्हणून मराठवाड्याचा पुढारी मोकळा होतो. ते सगळे खोटे नाही. पण शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण हे चार मुख्यमंत्री मराठवाड्यानेच दिले. त्यांच्यातल्या काहींनी कामे केली, ती नाकारणे कृतघ्नपणा होईल. शंकररावांशिवाय जायकवाडीची गोष्ट सांगता येत नाही. तरीही अनुशेष उरला. कारण माणूस आपला असून भागत नाही, हिशेब आपल्या हातात असावा लागतो. मुकादम आपल्या गावचा आहे म्हणून कोणी पाकीट न मोजता घेत नाही.

मग करायचे काय? सभेतून उठताना नुसता संताप घेऊन जाऊ नका. या तीन मागण्या घेऊन जा.

पहिली. प्रत्येक तालुक्याच्या गावी, बाजारात, सगळ्यांना दिसेल अशा जागी फळा लागला पाहिजे. या तालुक्यासाठी यंदा तरतूद किती, हातात आली किती, खर्च झाली किती, कोणत्या कामावर. चार रकाने, साध्या मराठीत. लासूर स्टेशनच्या हमालाला वाचता आला पाहिजे. गाडीचे वेळापत्रक फळ्यावर लागते, तर राज्याचे का लागू नये?

दुसरी. विकास मंडळे पुन्हा बसली पाहिजेत, आणि 1953 साली कबूल केलेला अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे आलाच पाहिजे. जुनी पॅकेजे कुठवर आली ते सांगितल्याशिवाय नवीन पॅकेज जाहीर करायला बंदी!

तिसरी. बुडालेल्या सूतगिरण्यांत सरकारी भागभांडवल किती गेले, याची गिरणीवार यादी प्रसिद्ध झाली पाहिजे. आणि गिरणी कामगाराच्या घराचा आकडा घोषणेत नको, किल्लीत दिसला पाहिजे.

सरकार देईल तेव्हा देईल. तोवर आपण हात बांधून बसायचे नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा 2005 पासून आहे. दहा रुपयांचे तिकीट लावून कोणीही अर्ज करू शकतो. दहा जणांनी मिळून एक अर्ज करा. एका रस्त्याचा, एका चारीचा, एका शाळेच्या छपराचा हिशेब मागा. उत्तर आले की ग्रामसभेत मोठ्याने वाचा. राज्याचा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा असेल. तुम्ही एका पुलापासून सुरुवात करा. धागा एकेकच धरायचा असतो, म्हणून कापड होते.

शेवटची गोष्ट. बेळगाव, निपाणी, कारवार, बिदर, भालकी इथला मराठी माणूस अजून या राज्यात यायची वाट पाहतो आहे. 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तो माणूस लाठ्या खाऊन विचारतो, "आम्हाला कधी घेता?" आज आला तर त्याला दाखवणार काय आहोत? रिकाम्या खुर्च्यांची मंडळे? टेलला कोरडी चारी? मैदानात बसलेला गिरणी कामगार? भाषेचे राज्य नकाशावर रेघ ओढून पुरे होत नाही. त्या राज्याची वही ज्या दिवशी कामगार-शेतकऱ्यापुढे उघडी होईल, त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्र पुरा झाला असे आम्ही म्हणू.

तोवर खिडकी सोडू नका! पाकीट मोजल्याशिवाय हलू नका! आणि पुढच्या मार्चला कोणी लाख कोटींचा आकडा वाचू लागला, तर टपरीवर "समदे चोर" म्हणू नका. एवढेच विचारा,

"ते ऱ्हाऊ द्या साहेब. मागच्याचं काय झालं?"